कॉपीला वाट देणारी एक सेटिंग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रात्यक्षिक परीक्षांतील कॉपीविषयी आपल्या दैनिकात आलेली वाचकपत्रे मी वाचते आहे. विद्यार्थ्यांची वृत्ती आणि पर्यवेक्षकांची ढिलाई यांवर त्यांत बरेच लिहून झाले. एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळणारी साहाय्यक म्हणून मला त्यात एका कोरड्या तांत्रिक मुद्द्याची भर घालायची आहे. सगळे विद्यार्थी ज्यावर काम करतात त्या लिनक्स प्रणालीच्या सामाईक सर्व्हरवर एका विद्यार्थ्याला दुसऱ्याचा प्रोग्राम उघडून वाचता येतो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की सर्व्हर उभारताना लॉगिनच्या मूळ सेटिंगकडे आम्ही पाहिलेलेच नसते.

नवी फाइल तयार होताना तिचे कोणते अधिकार काढून घ्यायचे, हे यूमास्क नावाचा आकडा ठरवतो. तो ०२२ असेल तर साध्या फाइलला ६४४ आणि डिरेक्टरीला, म्हणजे फोल्डरला, ७५५ असे अधिकार मिळतात; यातला पहिला अंक मालकाचा, दुसरा ग्रुपचा, म्हणजे वापरकर्त्यांच्या गटाचा, आणि तिसरा इतरांचा. म्हणजे मालकाखेरीज कोणी बदल करू शकत नाही, पण वाचू मात्र सगळेच शकतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी, म्हणजे त्याचे स्वतःचे फोल्डर, ७५० केली, म्हणजे इतरांना बंद केली. त्याआधीच्या सर्व्हरवर ती ७५५ असे, आणि आमची खाती त्याच काळातली होती.

हे लक्षात आल्यावर मी यूमास्क ०२७ केला, जुन्या फाइलींचे अधिकारही बदलले आणि निर्धास्त झाले. पुढच्याच आठवड्यात दोन मुलांच्या प्रोग्राममध्ये ‘टोटल’चे स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेले सापडले. ०२७ मुळे ‘इतरां’चे सर्व अधिकार जातात, ग्रुपचा वाचण्याचा अधिकार मात्र राहतो, आणि खाती उघडताना सोयीसाठी आम्ही अख्खा वर्ग ‘स्टुडंट्स’ नावाच्या एकाच ग्रुपात टाकला होता! प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा स्वतंत्र ग्रुप असेल तिथे ०२७ पुरते, आमच्यासारख्या ठिकाणी ०७७ लागते. त्याहून पक्का उपाय म्हणजे होम डिरेक्टरीच ७०० करणे, कारण मग आतल्या फाइलींचे अधिकार काहीही असोत, दुसऱ्याला दारातूनच परत फिरावे लागते. खाते उघडतानाच असे व्हावे म्हणून ईटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीमधील लॉगिन डॉट डेफ्स या फाइलीत ‘होम मोड’ नावाची सोय अलीकडच्या लिनक्समध्ये आहे.

अशा सेटिंग कुठे लिहायच्या, याबाबतही मोठा घोळ असतो. पूर्वी आम्ही एकेका विद्यार्थ्याच्या बॅशआरसी या त्याच्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलीत ओळी चिकटवत असू. नंतर त्या ईटीसीमधील स्केल या डिरेक्टरीत ठेवल्या, परंतु तिथल्या फाइली खाते उघडताना एकदाच नक्कल होतात. पुढे स्केलमध्ये काही बदलले तरी जुन्या खात्यांना त्याचा पत्ता नसतो. लॉगिनच्या वेळी बॅश ही शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आधी ईटीसीमधील प्रोफाइल ही फाइल वाचते आणि मग वापरकर्त्याची स्वतःची. ही प्रोफाइल फाइल आपल्या शेजारच्या ‘प्रोफाइल डॉट डी’ या डिरेक्टरीतील डॉट एसएचने संपणाऱ्या सर्व फाइली वाचून घेते. मूळ प्रोफाइलला हात न लावता तिथे आपली स्वतंत्र फाइल ठेवावी, असा सल्ला रेड हॅट लिनक्सच्या प्रोफाइल फाइलीत टिपणाच्या रूपाने लिहिलेलाच आहे. आता आमच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी तिथली चार ओळींची एक फाइल पुरते.

तीच फाइल एकदा माझ्या अंगाशी आली, तेही सांगायला हवे. शिक्षकांना ही सेटिंग लागू होऊ नये म्हणून मी अट घातली होती की वापरकर्ता स्टुडंट्स ग्रुपातला नसेल तर ‘एक्झिट’, म्हणजे बाहेर पड. या फाइली वेगळा प्रोग्राम म्हणून चालत नाहीत, लॉगिन शेल त्यांतल्या ओळी स्वतःच्याच म्हणून चालवते. त्यामुळे एक्झिट म्हणताच ती शेलच संपते. बहिःस्थ परीक्षक शेजारी बसलेले असताना आमच्या सरांनी पुट्टी या दुरून लॉगिन करण्याच्या प्रोग्राममध्ये पासवर्ड टाकला, तो स्वीकारला गेला आणि खिडकी मिटली. पुन्हा टाकला, पुन्हा मिटली. रूट या मुख्य प्रशासकीय खात्याचीही तीच गत झाली असती, परंतु सकाळी उघडलेले रूटचे एक लॉगिन सुदैवाने कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर, तसेच राहिले होते. ‘एक्झिट’च्या जागी ‘रिटर्न’, म्हणजे एवढी फाइल सोडून पुढे जा, असे लिहिल्यावर सारे सुरळीत झाले. तेव्हापासून रूटचे एक लॉगिन चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत तपासल्याशिवाय मी या फाइलीत अक्षरही बदलत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या दृष्टीने आणखी एक ओळ महत्त्वाची आहे. लँग हे भाषा ठरवणारे चल नुसते ‘सी’, म्हणजे मराठी अक्षरे न ओळखणारे, असेल, तर ‘अहवाल’ नावाच्या फाइलीऐवजी यादीत तिरप्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे दिसतात, आणि आपली फाइल बिघडली असे समजून मुले ती पुसूनही टाकतात. यूटीएफ-८ या मराठी अक्षरेही सामावणाऱ्या पद्धतीची भाषा सर्वांसाठी एकदा ठरवली की हा त्रास उरत नाही. मात्र एलसी ऑल हे चल सर्वांवर लादू नये, कारण तारीख, अंक वगैरेंची रीत ठरवणाऱ्या बाकीच्या सगळ्या एलसी चलांच्या ते वरचढ ठरते.

या उपायांना मर्यादा आहेत. डेस्कटॉपवर उघडलेले टर्मिनल सहसा लॉगिन शेल नसते, त्यामुळे ते प्रोफाइल नव्याने वाचत नाही; बॅशऐवजी झेड शेल ही दुसरी शेल वापरणाऱ्यासाठी वेगळ्या फाइली लागतात; आणि एखाद्याने आपणहून मित्राला फाइल दाखवायची ठरवली, तर यूमास्क त्याला अडवू शकत नाही. परंतु जो विद्यार्थी रात्र जागून स्वतः प्रोग्राम लिहितो, त्याची वही त्याच्या नकळत चारचौघांपुढे उघडी पडू नये, एवढी जबाबदारी तरी आमचीच आहे. प्रथम वर्षाची नवी खाती उघडण्यापूर्वी संगणक विभागांनी आपल्या सर्व्हरवर एका विद्यार्थ्याच्या नावाने लॉगिन करून दुसऱ्याची फाइल वाचता येते का, हे एकदा पाहावे, ही विनंती.

आपली,
एक प्रयोगशाळा साहाय्यक