पडक्या गिरण्यांची छायाचित्रे आणि साळखात्यातला उजेड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील बंद गिरण्यांमध्ये जाऊन छायाचित्रे काढणारे तरुण आता पुष्कळ दिसतात आणि त्यांची छायाचित्रे मी आवर्जून पाहतो. मात्र त्यांतील बहुतेकांत गंजलेले दार, भिंत फोडून उगवलेला पिंपळ आणि फुटक्या काचेतून आलेला कवडसा एवढेच असते. गिरणी कोणती, खाते कोणते, तेथे काय चालत असे, याचा पत्ता लागत नाही. मी स्वतः हौशी छायाचित्रकार आणि गिरणी कामगाराचा मुलगा असल्याने ही उणीव मला फार जाणवते.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, रीतसर परवानगी काढून, वडील ज्या गिरणीत मागावर होते तेथे मी त्यांना घेऊन गेलो होतो. साळखात्याचे, म्हणजे कापड विणण्याच्या खात्याचे, छप्पर करवतीच्या दात्यांसारखे होते आणि प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची होती. त्यातून येणारा सावलीविरहित, मऊ उजेड पाहून मी हरखून गेलो आणि तिवई लावू लागलो. तेव्हा वडील म्हणाले, "हा उजेड तुटलेला धागा दिसावा म्हणून आहे." या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवतात, म्हणजे दिवसभर उजेड सारखा राहतो आणि उन्हाची तिरीप विणकराच्या डोळ्यांवर येत नाही. मग ते जमिनीवर राहिलेल्या कापलेल्या बोल्टांच्या खुणा मोजत मोजत पुढे गेले आणि एका जागी थांबले. त्यांचे माग तेथे होते. त्या दिवशी काढलेल्या सगळ्या छायाचित्रांत मला आजही मोलाचे वाटते ते त्या तेलकट फरशीचे आणि चार बोल्टांचे, आणि वडील बरोबर नसते तर मी ते काढलेच नसते.

जर्मनीतील बेर्न्ड आणि हिला बेखर या छायाचित्रकार दांपत्याने १९५९ पासून झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या आणि कोळसा खाणींचे मनोरे ढगाळ आकाशाखाली, समोरून, एकाच शिस्तीने टिपले. त्यामुळे एकाच कामासाठी उभारलेली दोन बांधकामे कुठे सारखी आणि कुठे निराळी, हे पाहणाऱ्याला कळते. डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीचे यंत्रगृह पाडायचे ठरले तेव्हा ते वाचवणाऱ्यांत हे दांपत्यही होते आणि आज तेथे संग्रहालय आहे. एसेन येथील त्सोलफरआइन खाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली.

आपल्याकडे १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला गिरणी काढली, तेथून हा इतिहास सुरू होतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक करून गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. कुठे एखादी चिमणी राखली गेली, पण साळखाते, त्रासन (सूतकताईचे खाते), ब्लोरूम (कापूस मोकळा करून साफ करण्याचे खाते) ही खाती गेली ती बहुतेक ठिकाणी नोंद न होताच.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतले आहे. उरलेल्या बंद गिरण्यांचे खातेनिहाय छायाचित्रण पाडकामापूर्वी करून घेऊन ते तेथे लोकांना पाहता येईल असे ठेवावे. आणि छायाचित्रकार मित्रांनी, जमिनी व जिने कुजलेले असतात म्हणून परवानगी आणि सोबत घेऊनच आत जावे, पण ती सोबत एखाद्या जुन्या कामगाराची असावी. संपाच्या वेळी पंचविशीत असलेली माणसे आता सत्तरीच्या आसपास आहेत. छायाचित्राखाली गिरणीचे नाव, खाते, पाळी आणि त्यांनी सांगितलेले दोन शब्द लिहायला फार वेळ लागत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, लालबाग, मुंबई