फोटो उलटा होता हो!

वडिलांच्या ट्रंकेत नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या बाजूचा जुना फोटो निघाला. चिमणी, शेडं, एक गल्ली अन् सायकल धरून उभे आमचे आजोबा. जागा काही जुळेना. दोन रविवार फोटो घेऊन हिंडलो.

टपरीवाले काका म्हणाले, "चिमणी या अंगाला कशी?" तिथंच बसलेल्या नव्वदीच्या आजी निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या. त्यांनी फोटोतल्या दुकानाच्या उर्दू पाटीवर बोट ठेवलं. "अक्षरं उलटी हायेत, बाळा. आरसा आण." आरसा धरला अन् गल्ली जागच्या जागी बसली! निगेटिव्हच उलटी छापलेली. इतकी वर्षं घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही, मी तर इंजिनिअर.

मिलमध्ये उमर घातलेल्या एका मामांनी करवतीच्या दातांसारखं छप्पर दाखवलं. ते लूम खातं, म्हणजे कापड विणायचा विभाग. काचा उत्तरेला, म्हणजे उजेड येतो, ऊन येत नाही. त्यावरून दिशाही पक्की झाली.

तिघांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहिली. काकांनी चहाचे पैसेही घेतले नाहीत. फोटोची एक प्रत टपरीवर ठेवून आलोय, या वेळी सुलटी.