व्याख्यान ऑक्टोबरात, शिफ्टचा तक्ता बाराही महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत एखादे व्याख्यान होते, तणावमुक्तीचा फलक लागतो, कुठे प्राणायामही होतो. त्याला आमची हरकत नाही. पण तासाभराने कामगार ज्या शिफ्टच्या तक्त्यावर परत जातो, तो तक्ताच त्याची झोप खात असेल, तर वक्त्याचे मानधन पाण्यात गेले. मालक-व्यवस्थापकांनी आधी तो तक्ता काढून बघावा, म्हणून हे पत्र.

सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. आठवड्याने पाळी बदलते. शरीराचे घड्याळ पुढे ढकलणे सोपे, मागे ओढणे अवघड. त्यामुळे पहिली, मग दुसरी, मग तिसरी हा क्रम बरा. उलटा क्रम जिथे चालतो, तिथे 'पहिल्यापासून तसंच आहे' यापलीकडे कारण सापडत नाही. क्रम सरळ ठेवला तरी एक सांधा दुखतोच. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सातला सुटते आणि सोमवारी सकाळी सातला तोच माणूस पहिल्या पाळीला हवा असतो. कागदावर आठवड्याची सुट्टी मिळाली, हातात आले २४ तास. त्यातला दिवस झोपेत जातो आणि रात्री डोळा लागत नाही, कारण आठवडाभर त्या वेळी शरीर जागे होते. सोमवारी मशीनसमोर उभा राहतो तो अर्धा माणूस.

उपाय दोन. त्या गटाची रात्रपाळी शुक्रवारच्या रात्रीवर संपवावी, नाहीतर त्यांना सोमवारीही सुट्टी द्यावी. दोन्हीत मधले तास ४८ होतात. खर्च येतो तो एका पाळीपुरत्या बदली माणसांचा. आणि रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही म्हणून सलग दुसरी पाळी ओढायला लावणे तर बंदच करावे. जादा कामाला दुप्पट दर कायद्याने आहे, पण दुप्पट पैशाने झोप भरून येत नाही. कामगार स्वतःच ओटी (ओव्हरटाइम) मागतो हे खरे. हप्ते त्याला मागायला लावतात. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत हवा. तो १२ तारखेला झाला आणि पतसंस्थेचा हप्ता १० तारखेचा असला, की दंड, फोन, घरी वसुलीवाला. पगाराची तारीख न चुकवणे हा मानसिक आरोग्याचाच उपाय आहे, फक्त त्याचा फलक कोणी लावत नाही.

आता समुपदेशकाविषयी. त्यांची खुर्ची बहुतेक वेळा टाइम ऑफिसला लागून टाकलेली असते आणि कॅन्टीनला जाणारा प्रत्येकजण त्या दारावरून जातो. मग तीन महिने कोणी फिरकत नाही आणि 'आमच्याकडे कोणाला त्रास नाही' असा निष्कर्ष निघतो! समुपदेशन वसाहतीबाहेर किंवा फोनवर असावे, तो वेळ कामाचा धरावा, गेटपासवर कारण लिहू नये आणि कंपनीकडे येणाऱ्या बिलात किती बैठका झाल्या एवढेच असावे, नावे नकोत. एचआरच्या माणसाकडे हे काम देऊ नये. जो हात मेमो लिहितो, त्याच्यासमोर कोणी मन मोकळे करत नाही.

खरा दुवा आहे सुपरवायझर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा वरिष्ठांना प्रशिक्षण देण्याची शिफारस आहे. सरसकट सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेण्याची मात्र नाही. 'मला नैराश्य आलंय' असे शॉपफ्लोअरवर कोणी म्हणत नाही. 'झोप लागंना', 'छातीत धडधडतंय', 'डोकं जड झालंय' असेच ऐकू येते. सोमवारचे खाडे, हातखंडा कामात वाढलेले रिजेक्शन (नापास माल), न उघडता परत गेलेला डबा. एका दिवसावरून काही ठरत नाही. दोन आठवडे सलग तसेच दिसले तर विचारावे. चारचौघांत लाइनवर नाही, बाजूला बसवून. 'बरेच दिवस गप्प दिसतोस, झोप होते का?' एवढे विचारून आपण गप्प बसावे. 'टेन्शन काय घेतोस, सगळ्यांनाच असतं' या वाक्याने समोरचा मिटतो.

जीव देण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटा सोडू नये, गाडी हातात देऊन घरी पाठवू नये. घरच्यांना बोलावून मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सांगलीचे सिव्हिल गाठावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

उपचारानंतर माणूस कामावर येतो तेव्हाही घोळ होतो. पहिल्याच दिवशी त्याला पूर्ण टार्गेट दिले जाते, नाहीतर दया म्हणून गोदामात बसवून ठेवतात. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, आणि रात्रपाळी व ओटी सगळ्यात शेवटी. कामावर घेताना फिटनेसचा दाखला मागावा, आजाराचे नाव मागू नये. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ-गुंगी मात्र आधी येते. म्हणूनच पुष्कळजण मध्येच सोडतात. गुंगी असेपर्यंत प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट नको. फौंड्रीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचे औषध) चालू असलेल्या माणसाला भट्टीजवळ घाम जाऊन पाणी कमी पडले, तर रक्तातले लिथियमचे प्रमाण वाढते. हात थरथरू लागले, जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्याला ठरावीक वेळाने पाणी मिळेल आणि उष्णतेपासून लांब काम मिळेल असे बघावे.

शेवटी ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे तीव्र मानसिक आजारही आहेत आणि त्यांना त्यापुढे पगाराच्या ८० टक्के दराने वाढीव मुदतीचा भत्ता मिळू शकतो, हे क्वचितच कोणाला माहीत असते. त्यासाठी सलग दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि १५६ दिवसांची वर्गणी दिसावी लागते. घोडे इथेच अडते. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न विचारता नवीन काढतो, एका माणसाचे दोन क्रमांक होतात आणि सलगता कागदावर तुटते. ठेका देताना प्रत्येक कामगाराचा जुना क्रमांक पुढे चालवण्याची अट कंपनीने घालावी आणि ठेकेदाराचे बिल काढण्यापूर्वी महिन्याच्या वर्गणीचे चलन नावांनिशी तपासावे.

आपले,
औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काहीजण,
कुपवाड, सांगली