जॉनलाच मारले, आता पुनरुज्जीवन कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ‘टर्मिनेटर’ या हॉलिवूडच्या चित्रपट मालिकेच्या पुनरुज्जीवनावरचा लेख वाचला. मूळ माणसे परत आणावीत, हात आखडता न घेता पैसा ओतावा, की मालिका पुन्हा उभी राहील, असा लेखकाचा दावा आहे. त्यांच्या उत्साहाविषयी मला आदर आहे. मात्र २०१९ हे साल त्यांच्या दिनदर्शिकेतून गळाले असावे. त्या वर्षीच्या सहाव्या चित्रपटात मूळ दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन निर्माते म्हणून परतले होते, नायिका सारा झालेल्या लिंडा हॅमिल्टन परतल्या होत्या, यंत्रमानव झालेले श्वार्झनेगर तर होतेच, आणि खर्च अठरा कोटी डॉलरांच्या वर गेला होता. म्हणजे लेखात सुचवलेले औषध रोग्याला पाजून झालेले आहे, आणि त्याने गुण आला नाही हे तिकीटबारीने तेव्हाच सांगितले आहे.

पैशाचेच म्हणाल, तर १९८४ चा पहिला चित्रपट साधारण ६४ लाख डॉलरांत झाला होता. मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवण्याच्या विभागात, नोकरी केली. तो चित्रपट आम्ही काही जणांनी तिसरी पाळी सुटल्यावर, एका सहकाऱ्याच्या खोलीत खिडकीला चादर लावून, भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला. शेवटी साराच्या जिवावर उठलेल्या यंत्रमानव मारेकऱ्याला माग लागू नये म्हणून कारखान्यातली सगळी यंत्रे चालू करून ठेवण्याची युक्ती आम्हाला तत्काळ पटली, कारण चालू शॉपमध्ये शेजारच्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नाही. सारा त्याला हायड्रॉलिक प्रेसखाली चिरडते तेव्हा मात्र आमच्यातील एका जुन्या ऑपरेटरने हरकत घेतली, की एका बटणावर रॅम, म्हणजे प्रेसचा दाबणारा भाग, खाली येतोच कसा. आमच्याकडे हात सलामत राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबावी लागत. हरकत घेणारा हाच माणूस त्या रात्री पाळीवर आल्यावर प्रेसपाशी दोनदा वाकून पाहत होता. पुढच्या भागांतील आकाशातल्या पाठलागांवर आम्हांपैकी कोणी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही.

दुसरा भाग १९९२ मध्ये कॅसेट आणून मुलाबरोबर पाहिला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि पडद्यावरचा जॉन, म्हणजे यंत्रांविरुद्ध माणसांचा भावी नेता असलेला साराचा मुलगा, त्याच्यापेक्षा थोडाच मोठा. त्या कथेत जगाच्या संहाराची तारीख दिली आहे, २९ ऑगस्ट १९९७. ती आमच्या घरात पाठ होती. प्रत्यक्षात तो श्रावणातला शेवटचा शुक्रवार निघाला. घरी जिवतीची पूजा होती, पुरणाचा घाट घातलेला होता, आणि मी पहिल्या पाळीला निघताना मुलाने ‘बाबा, आज मशीनपासून जपा’ असे बजावले. त्याच्या आईने आम्हा दोघांनाही त्याबद्दल झापले.

हे सांगण्याचे कारण असे, की २०१९ मध्ये भाऊबीज उरकूनही केवळ या चित्रपटासाठी मुलगा नाशिकला थांबला होता. आम्ही दोघे मल्टिप्लेक्समध्ये गेलो. पॉपकॉर्नच्या किमतीबद्दल मी काही लिहीत नाही. बसून पाच-सात मिनिटे होतात न होतात, तोच त्या जॉनला गोळ्या घालून संपवण्यात आले! ज्या पोराला वाचवण्यासाठी त्याची आई वेड्यांच्या इस्पितळातून पळाली, यंत्रालाही माया शिकावी लागली, त्याचा निकाल एका समुद्रकिनाऱ्यावर, नाव दिसण्याआधीच. छत्तीस वर्षांचा माझा मुलगा मध्यंतरापर्यंत एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागांत जे घडले ते घडलेच नाही, असे याच चित्रपटाने गृहीत धरले होते. दर वेळी आधीचे पुसून टाकणाऱ्या कथेत आम्ही कोणासाठी जीव मुठीत धरून बसावे, याचे उत्तर आपल्या लेखात कोठेही नाही.

त्याच चित्रपटात एक प्रसंग मात्र सोन्यासारखा होता. मेक्सिकोतील मोटारींच्या कारखान्यात नायिका कामावर येते आणि तिच्या भावाच्या जागी यंत्र बसवलेले तिला दिसते. हा प्रसंग पाहताना मी खुर्चीत पुढे सरकलो होतो, कारण आमच्या लाइनवर माणसांच्या जागी रोबोट आले तेव्हा आमच्यापैकी कित्येकांना एका सकाळी स्टोअरमध्ये नेऊन बसवले होते, आणि त्याबद्दल कोणी खुलासाही केला नव्हता. भीती तेथे होती. दिग्दर्शकाने ती लगेचच सोडून दिली आणि ट्रक उलटवायला घेतले. हा धागा कोणी धरला, तर मी वयाच्या या टप्प्यावरही तिकीट काढीन, आणि त्यासाठी श्वार्झनेगर यांनी पुन्हा जाकीट चढवण्याचे कष्ट घेण्याची मुळीच गरज नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. २००३ चा तिसरा भाग कॅमेरॉन यांनी दिग्दर्शित केल्याचे लेखात छापले आहे. त्याचे दिग्दर्शक जोनाथन मोस्टो होते. कॅमेरॉन यांनी दिग्दर्शित केले ते पहिले दोनच, आणि लेखकाला हे ठाऊक असते तर त्यांचा निम्मा लेख लिहावाच लागला नसता. जागेअभावी माझे पत्र कापणे भाग पडल्यास जिवतीचा मजकूर कापावा. ही दुरुस्ती कापू नये.

आपला,
प्रेस शॉपमधून निवृत्त झालेला एक वाचक,
सातपूर, नाशिक