राख गाळली, कृती बिघडली

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या जुन्या राहणीवर पानभर लेख आहे. त्याच्या डोक्यावर तंबूचं चित्र छापलंय. ते निमुळते कातडी तंबू पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतल्या जमातींचे. इरोक्वॉय आजच्या न्यूयॉर्क राज्यातले, आणि ते स्वतःला म्हणवतात हॉदेनोशोनी, म्हणजे लांब घरातली माणसं. एल्मच्या झाडात रस चढला की साल सोलायची, वजनाखाली सपाट वाळवायची आणि खांबांच्या सांगाड्यावर झाडाच्याच अंतर्सालीच्या दोऱ्यांनी बांधायची, असं ते घर. रुंदी वीसेक फूट, लांबी कधी दोनशे फुटांपर्यंत. मधल्या बोळात ओळीनं चुली आणि एकेका चुलीवर समोरासमोरची दोन कुटुंबं. घर बाईच्या कुळाचं असायचं आणि लग्न झालं की नवरा तिच्याकडे राहायला जायचा. ज्यांच्या नावातच घर आहे त्यांना तुम्ही तंबूत बसवलंत.

चित्र एकवेळ सोडून देऊ. मक्याच्या भाकरीची 'करून पाहा' ही चौकट मात्र सोडून देता येत नाही, कारण ती वाचून लोक खरोखर करून पाहतील. मका रात्रभर भिजवा, सकाळी उकडा, वाटा, गोळे करून पाण्यात सोडा, एवढंच त्यात आहे. राखेचा उल्लेखच नाही! इरोक्वॉय बायकांच्या स्वयंपाकाची सुरुवातच राखेनं होते.

त्यांचा मका आपल्या स्वीट कॉर्नसारखा नसतो. तो पांढरा, पिठूळ आणि पूर्ण वाळवलेला असतो. चार वाट्या दाण्यांना एक वाटी चाळलेली राख, असं साधारण प्रमाण. राख मेपल, ओक अशा कठीण लाकडाची लागते. पाइनसारख्या राळेच्या लाकडाची चालत नाही, आणि रंग दिलेल्या किंवा प्लायवूडच्या लाकडाची राख तर अन्नाजवळसुद्धा नेऊ नये. पाण्यात राख घालून उकळी आणायची आणि मग दाणे सोडायचे. पाण्याला बुळबुळीतपणा आला नाही तर राख कमी पडली असं समजावं. थोड्या वेळात पांढरे दाणे केशरी-पिवळे होतात. अर्ध्या-पाऊण तासानं एक दाणा काढून, गार पाण्यात बुडवून, चिमटीत चोळायचा. साल सुटली आणि बुडाशी असलेलं काळं टोक निघून आलं की भांडं उतरवायचं. लवकर उतरवलं तर साल दाताखाली येते. फार वेळ ठेवलं तर दाण्याचा लगदा होतो आणि राखेची चव जात नाही. भांडं लोखंडाचं किंवा स्टीलचं हवं. अल्युमिनियमचं अजिबात नको, राखेचं क्षारयुक्त पाणी ते खातं.

पुढचं काम धुण्याचं. त्यासाठी ॲश झाडाच्या लाकडाच्या पट्ट्यांची, तळाशी विरळ विणलेली खास टोपली असते. आपल्याकडची तांदूळ धुवायची रोवळी डोळ्यांसमोर आणा. वाहत्या पाण्यात ती बुचकळायची, गरागरा फिरवायची आणि आतले दाणे हातानं चोळायचे. सालं वर तरंगून वाहून जातात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत आणि दाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत हे करायचं. धुण्यात कंटाळा केला की भाकर कडवट लागते.

मग दाणे निथळून, ओलसर असतानाच उखळात कांडायचे. ते उखळ म्हणजे मध्ये जाळून पोकळ केलेला ओंडका. मुसळ चारेक फुटांचं, दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये मुठीत मावेल असं बारीक. कांडलेलं चाळून घ्यायचं, त्यात आधी शिजवलेला राजमा मिसळायचा आणि वरून उकळतं पाणी ओतून भराभर मळायचं. पाणी कोमट असेल तर पीठ धरून राहत नाही, भाकर भांड्यात फुटते. ज्वारीच्या भाकरीला उकड काढणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ओल्या हातानं वीतभर रुंद, दीडेक इंच जाड चकत्या थापायच्या आणि उकळत्या पाण्यात कडेनं उभ्या सोडायच्या. आडव्या पडल्या तर बुडाला चिकटतात. साधारण तासाभरानं तरंगू लागल्या की झाल्या. ते पाणीही फेकत नाहीत, पितात.

राख केवळ साल काढायला नसते. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, अशा रूपात बांधलेलं असतं की ते शरीराला मिळत नाही. राखेच्या क्षारयुक्त पाण्यानं ते सुटतं. युरोपनं अमेरिकेतून मका नेला, पण ही पद्धत नेली नाही. १७३५च्या सुमारास स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्यानं मक्यावर जगणाऱ्या गरिबांच्या कातडीच्या रोगाची नोंद केली, तोच पेलाग्रा. पुढे उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत त्यानं माणसं मारली. हा रोग दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही दिसला आहे. तिथलं कारण वेगळं मांडलं गेलं असलं तरी आपल्या वाचकांना हा विषय परका नाही. ज्या एका घटकामुळे मका पूर्ण अन्न होण्याच्या जवळ जातो, नेमका तोच चौकटीतून गळला.

'तीन बहिणी' म्हणजे एकत्र लावायच्या तीन पिकांच्या लागवडीतही अशीच चूक आहे. मका, घेवडा आणि भोपळा 'एकाच खड्ड्यात एकाच दिवशी' टोकायला सांगितलंय. खड्डा नव्हे, मातीचा उंचवटा करतात, म्हणजे थंड वसंतात माती लवकर ऊब धरते आणि पाणी साचत नाही. दोन उंचवट्यांत तीन-चार फूट अंतर, एकात मक्याचे चार-पाच दाणे. मका वीतभर झाला, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी, की त्याच्याभोवती वेलीचा घेवडा टोकायचा. एकाच दिवशी पेरलं तर घेवडा मक्याच्या पुढे जातो, त्याचा कोवळा ताट ओढून आडवा करतो. झुडपी घेवडा घेतला तर तो चढतच नाही. भोपळा सगळ्या उंचवट्यांवर लावत नाहीत, मधूनमधून लावतात. त्याची पानं जमीन झाकतात, तण दाबतात, ओल टिकवतात. खरीप तोंडावर आहे आणि नाशिक-जळगावकडे मका करणारे शेतकरी तुमचं पान वाचतात. कुणी हौसेनं दोन गुंठे लावले तर ते आडवे होणार.

लेखात 'शिकारीवर जगणारे भटके' असं म्हटलंय. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून अमेरिकेच्या जनरल सलिव्हनच्या फौजेनं त्यांची चाळीसच्या वर गावं जाळली. त्या मोहिमेच्या अहवालातच १,६०,००० बुशेल (धान्य मोजायचं तिकडचं माप) मका नष्ट केल्याची नोंद आहे. एवढा मका भटक्यांकडे कुठून येणार? ते बियाणं त्यांनी त्यानंतरही जपलं आणि तो पांढरा मका आजही पिकतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही चुकीपेक्षा गंभीर आहे. पानाच्या तळाशी तुम्ही वाकड्या तोंडाच्या लाकडी मुखवट्याचा फोटो 'लोककला' म्हणून छापलाय. ते मुखवटे रोग बरे करण्याच्या विधीतले आहेत आणि त्यांच्या दृष्टीनं ते जिवंत आहेत. त्यांचं प्रदर्शन, विक्री आणि छायाचित्रण करू नये, असं हॉदेनोशोनींच्या महापरिषदेनं १९९५ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. छापलेली प्रत परत घेता येणार नाही, पण इंटरनेट आवृत्तीतला फोटो आजच काढता येईल. तो काढावा. पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, राखेची आणि घेवड्याच्या दिवसांची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा