‘बघतो’ म्हणजे नक्की काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली १९ वर्षं मी अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने तास सुरू व्हायच्या आतच मला गाठलं. “मॅडम, साहेबांकडे रजा मागितली, ते ‘बघतो’ म्हणाले. पंधरा दिवस झाले. अजून बघतायत?” तिला क्रियापद येत होतं, काळ येत होता, चाचणीत पैकीच्या पैकी गुण होते. पण ‘बघतो’ हा बहुतेक वेळा सौम्य नकार असतो, हे आमच्या पुस्तकात कुठेच नाही. मीही ते कधी शिकवलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशीचा धडा मी बाजूला ठेवला. आठवडाभर जिथे जिथे ‘बघणं’ कानावर पडेल तिथे टिपून आणायचं ठरलं: कोण कुणाला म्हणालं, कुठल्या सुरात, आणि पुढे काय झालं. पुढच्या तासाला फळा भरून गेला. नुसतं ‘बघतो’ आणि नजर दुसरीकडे, म्हणजे काम होत नाही. ‘बघून सांगतो’ म्हणजे थोडी आशा. ‘बघू या’ आईने मुलाला म्हटलं की विषय संपला. तेच मित्राने म्हटलं तर बेत अजून शाबूत. आणि ‘बघतोच मी’ ही सरळ धमकी! मग ‘बघून’मधला ‘ऊन’ काय करतो, एका ‘च’ने वाक्याचा नूर कसा पालटतो, हे त्यांनीच विचारलं. एरवी याच प्रत्ययांना वर्ग जांभया देतो. त्या दिवशी तास संपला तरी कुणी जागचं हलेना.

हे लिहायचं कारण असं, की ‘भाषा बाहेर पडलं की आपोआप येते, वर्ग कशाला हवा?’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. रिचर्ड श्मिट या अभ्यासकाने अमेरिकेतल्या होनोलुलूत राहायला आलेल्या एका जपानी चित्रकाराच्या इंग्रजीचा तीन वर्षं मागोवा घेतला आणि १९८३ साली तो प्रसिद्ध केला. हा माणूस लोकांत छान मिसळला, गप्पा मारू लागला, कामं करून घेऊ लागला. व्याकरण मात्र जवळजवळ होतं तिथेच राहिलं. बाहेर ऐकलेलं थांबून तपासायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे वर्ग.

आइसलँडमधला एक उपक्रम मला म्हणूनच आवडतो. तिथे परभाषक बोलायला गेला की समोरचा चटकन इंग्रजीवर येतो. यावर उपाय म्हणून काही दुकानं आणि इतर ठिकाणी शिकणाऱ्यांशी आइसलँडिकमध्येच बोलायचं, असं ठरवून घेतलं. शिकणारे वर्गात तयारी करून जातात, झालेलं बोलणं ध्वनिमुद्रित करून आणतात आणि वर्गात ते पुन्हा ऐकून उलगडतात. आपल्याकडे क्षेत्रभेटी होतात, प्रकल्पवह्याही भरतात. पण बाहेरून आणलेलं वर्गात उघडून बघायला तासच नसतो.

तेव्हा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दुसरी भाषा कुठलीही असो, आठवड्यातला एक तास पाठ्यपुस्तकाविना ठेवा. त्या तासाला विद्यार्थ्याने बाहेर ऐकलेलं, न कळलेलं, चुकलेलं घेऊन यावं. आणि तोंडी परीक्षेत पाठ केलेल्या ‘माझा परिचय’ऐवजी त्यातलंच काही विचारावं.

दुसरी विनंती आपल्या वाचकांना. कुणी अडखळत मराठी बोलू लागलं की आपण त्याच्या सोयीसाठी म्हणून लगेच हिंदी-इंग्रजीवर जातो. हेतू चांगलाच असतो, पण महिनाभर वर्गात घोटलेलं वाक्य त्याच्या तोंडातच राहतं. माझे कितीतरी विद्यार्थी हे डोळ्यांत पाणी आणून सांगतात. म्हणून आता पहिल्याच दिवशी मी एक वाक्य पक्कं करून घेते: ‘जरा हळू बोला, पण मराठीतच बोला.’ ते कधी तुमच्या कानावर पडलं, तर कृपा करून तेवढं ऐका.

आपली,
एक मराठी शिक्षिका