दिवाळी अंकाची मुदत अंकावर नको, फॉर्मवर हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंक हाती पडले की पहिली तक्रार मुद्रणदोषांची होते आणि बोट डीटीपी करणाऱ्याकडे, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या आमच्याकडे, जाते. त्यातले काही दोष आमच्या पदरात घालायला हरकत नाही. पण पुष्कळसे दोष मुदत ठरवण्याच्या रीतीतून येतात. ‘अंक दसऱ्याला छपाईला गेला पाहिजे’ एवढ्या तोंडी वाक्यावर घरून एकट्याने काम करणारा माणूस दोन-तीन अंक घेतो आणि अडकतो.

साधा हिशेब मांडून पाहावा. १९२ पानी अंक म्हणजे १६ पानांचे १२ फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने म्हणजे एक फॉर्म). जाहिराती वगळून मजकुराची दीडशे पाने धरली आणि पानाला साडेपाचशे शब्द धरले, तर साधारण ८२ हजार शब्द होतात. निम्मा मजकूर हस्तलिखित येतो. टंकलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला ३० शब्द होतात, पण अक्षर लावत टाइप करताना तासाला हजाराच्या वर जाणे कठीण. म्हणजे इथे ४१ तास गेले. पाने लावायला तासाला चार या वेगाने ३७ तास. तीन प्रुफांच्या (तपासणीसाठी काढलेल्या प्रतींच्या) दुरुस्त्या पानामागे दहा, पाच आणि तीन मिनिटे धरल्या तर ४५ तास. एकूण सव्वाशेच्या आसपास. दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढले तरी फोन, प्रुफांची ने-आण आणि वीज जाणे-येणे वजा करता हातात सहाच उरतात. एका अंकाला २१ दिवस झाले. गणेश चतुर्थी ते दसरा हे अंतर सुमारे ३६ दिवसांचे, त्यातून रविवार आणि घरचे गणपती काढले की २८ उरतात. या काळात दुसरा अंक बसतच नाही. घ्यायचाच असेल तर त्याचे टायपिंग श्रावणात संपलेले हवे. आगाऊ रकमेच्या मोहात हे गणित कुणी करत नाही, हे मात्र खरे.

दुसरी गफलत पंचांगाची. गेल्या वर्षीचे वेळापत्रक जसेच्या तसे उतरवून चालत नाही. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो २० ऑक्टोबरला आहे. आमची निम्मी कामे मात्र इंग्रजी तारखेला बांधलेली असतात. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, त्यामुळे पतसंस्थांचे अहवाल ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येऊन आदळतात. गेल्या वर्षी अहवाल आणि अंक एकमेकांच्या उरावर बसले. यंदा ऑक्टोबरचे वीस दिवस मोकळे मिळतात. २०२७ मध्ये दसरा पुन्हा मागे, ९ ऑक्टोबरवर येतो, म्हणजे ही सवलत निम्मी गेली. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयावर आधी अहवालांचे दिवस खोडावेत आणि उरलेल्या चौकटींत कामाचे नाव न लिहिता तास लिहावेत. एका चौकटीत सहाच्या वर आकडा गेला की नवे काम नाकारायचे किंवा पुढची तारीख द्यायची.

पण खरी सुटका फॉर्ममध्ये आहे. छापखान्याला बाराही फॉर्म एकदम लागत नाहीत. तो सातवा आधी छापू शकतो. संपादक मात्र सगळे साहित्य आल्याशिवाय एकही पान ‘पक्के’ म्हणत नाहीत. मग चाळिसाव्या पानावर अर्ध्या पानाची उशिरा आलेली जाहिरात घुसते आणि पुढची दीडशे पाने सरकतात. तपासलेल्या प्रुफात नवे दोष शिरतात ते इथेच. शेवटच्या ओळी पुढच्या पानावर जातात, चित्राची ओळ चित्राला सोडते, अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. यावर उपाय असा : डमी (कोणत्या पानावर काय, याचा आराखडा) आधी आखावी. दुसरा ते दहावा फॉर्म केवळ कथा-लेखांचा ठेवून दर चार दिवसांनी दोन या गतीने बंद, म्हणजे पक्का, करावा. पहिला फॉर्म आणि शेवटचे दोन उघडे राहू द्यावेत. अनुक्रमणिका आणि उशिराच्या जाहिराती तिथेच बसतात. हे पाठ चिकटवून बांधलेल्या अंकाला लागू होते. मधोमध पिन मारलेल्या अंकात एकाच फॉर्मवर पुढची आणि मागची पाने येतात, तिथे हा डाव चालत नाही.

प्रुफाची मुदत काम स्वीकारतानाच लिहून द्यावी : तीन दिवसांत परत. चौथ्या दिवशी आले तर काम एक दिवस मागे जात नाही. तोवर दुसऱ्याचा फॉर्म हाती घेतलेला असतो, म्हणून ते पुढच्या मोकळ्या चौकटीत जाते. संपादकांना हे आधी सांगितले तर ते समजून घेतात, नंतर सांगितले तर भांडण होते. दुरुस्त्या एकाच प्रतीवर हव्यात. लेखक व्हॉट्सॲपवर, संपादक फोनवर आणि मुद्रितशोधक कागदावर अशा तिघांच्या दुरुस्त्या जुळवण्यात अर्धा दिवस जातो आणि त्यातली एखादी हमखास निसटते. लेखकाने परिच्छेद नव्याने लिहिला तर ती दुरुस्ती नव्हे. त्याचे वेगळे पैसे घ्यावेत.

मजकूर युनिकोडमध्ये मागवावा. जुन्या फाँटमधून रूपांतर केले की रफार सरकतो, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, ‘ॲ’ तुटतो. अशा लेखाला पानामागे पाच मिनिटे जादा धरावीत. इनडिझाइन या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडलेला नसेल तर चांगला युनिकोड मजकूरही विस्कटतो, आणि मग दोष फाँटवर ढकलला जातो. जाहिरातीचे फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवावेत, नाहीतर ते दाबले जातात आणि छपाईत फाटतात.

राहिला पैसा. मजकूर येताना एक तृतीयांश, सहावा फॉर्म बंद होताना एक तृतीयांश आणि शेवटच्या फॉर्मची पीडीएफ देण्यापूर्वी उरलेले, अशी विभागणी केली की मुदतही आपोआप पाळली जाते. एकट्याने काम करणाऱ्यालाही उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) विनाशुल्क करता येते, आणि ती काम घेण्याआधी केलेली असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे चुकते करावे लागतात; पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. ‘जाहिरातींचे पैसे आले की देतो’ हे उत्तर त्यात बसत नाही.

आपले नम्र,
अक्षरजुळणी व मुद्रितशोधन करणारे काही व्यावसायिक, पुणे